सात वेळा पाहिलेला पहिला समुद्र

अकरा वर्षांची असताना एकाच दुपारी मला समुद्र सात वेळा पहिल्यांदा दिसला. दर वेळी वाळत घातलेल्या जाळ्यांमागून धावत यायचं, एकदम थबकायचं, तोंड उघडं टाकायचं आणि मग हळूहळू हसायचं. तिसऱ्या वेळी ढग आला. चौथ्या वेळी मागून एक कुत्रं चालत गेलं. पाचव्या वेळी सगळं जमलं, पण दिग्दर्शक म्हणाले, "हे दमलेलं हसू आहे गं. मला नवं हवंय."

नवं हसू कुठून आणायचं ते मला कळेना. आमचं घर अंधेरीला. वर्सोव्याचा किनारा मी कितीदा तरी पाहिलेला. समुद्र नवा होता तो सिनेमातल्या मुलीला, आणि ती मुलगी मी नव्हते. फक्त तिचं परकर-पोलकं माझ्या अंगावर होतं आणि ऊन माझ्या डोक्यावर होतं.

आमच्या बैठ्या चाळीच्या शेवटच्या खोलीत एक शिंपी राहत. ते जवळच्याच एका स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायचे. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि आप्पांना म्हणाले, "आमच्या नव्या चित्राला एक मुलगी पाहिजे. बारीक, मोठ्या डोळ्यांची, गावाकडची वाटणारी. तुमच्या मुलीला उद्या घेऊन जाऊ का?"

आप्पा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. सिनेमा म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण चित्र सामाजिक होतं, दिग्दर्शक पूर्वी पुण्याला शाळेत मास्तर होते आणि काम उन्हाळ्याच्या सुट्टीत संपणार होतं. या तीन गोष्टींवर ते तयार झाले. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. आईला कुणी विचारलं नाही. मुलीबरोबर रोज बसायला तुला जावं लागेल, एवढंच तिला सांगण्यात आलं.

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईला आली त्याला तेरा वर्षं झाली होती. बाजार, देऊळ आणि स्टेशनाजवळचा दवाखाना यांपलीकडे ती एकटी कुठे गेलेली नव्हती. परक्या पुरुषाशी बोलायची वेळ आली की ती मला पुढे करायची. त्या उन्हाळ्यात ती पहाटे उठून स्वयंपाक करायची, माझ्या धाकट्या भावाला शेजारणीकडे सोडायची आणि फिरकीचा तांब्या भरून माझ्याबरोबर निघायची. स्टुडिओत गेल्यावर सेटच्या कडेला एका उपड्या खोक्यावर बसायची. बरोबर आणलेले भिजवलेले वाल सोलत दिवस काढायची.

स्टुडिओचं छप्पर पत्र्याचं होतं. दिवे लागले की आत भट्टी व्हायची. तोंडावर थापलेला रंग घामाने ओघळायचा, मग रंगवाले बाबा येऊन पुन्हा थापायचे. पण खरं काम असायचं ते वाट बघण्याचं. पाच मिनिटांच्या कामासाठी पाच तास. कधी दिवा फुटायचा, कधी नटीचा डोळा सुजायचा, कधी काय झालं हे कुणी सांगायचंच नाही. मी आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपले की केस विस्कटतात म्हणून मला उठवायचे.

"तुका भूक लागली काय गो?" आई हळूच विचारायची. भूक नसायची. पाय दुखायचे.

पहिल्या दिवशी दिग्दर्शक माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी मला गोष्ट सांगितली. घाटावरच्या वाडीत आत्याजवळ वाढलेली, आई नसलेली एक मुलगी. आत्या वारते आणि ती मुंबईला वडिलांकडे येते. वडील गिरणीत. सुरुवातीला ती सगळ्याला घाबरते, गिरणीच्या भोंग्याला, जिन्याला, शेजारणीच्या मोठ्या आवाजाला. मग तिला एकेक गोष्ट भेटत जाते. शाळा भेटते, सायकल भेटते, समुद्र भेटतो, कोळ्यांच्या घरी ती जेवते. शेवटी शाळेच्या समारंभात ती उभी राहून भाषण करते आणि वडील मागे बसून डोळे पुसतात.

"पहिल्या रिळात हिचं जग केवढं? आत्याच्या पदराएवढं," ते म्हणाले. "शेवटच्या रिळात ते केवढं झालंय, ते तू दाखवायचंस. बोलून नाही. चालण्यातून, बघण्यातून."

"म्हणजे मोठं व्हायचं?"

"हो. पण हळूहळू."

हळूहळू मात्र काही झालं नाही. शाळेचा सेट आधी तयार होता म्हणून शेवटचं भाषण मी तिसऱ्याच दिवशी केलं. जे धैर्य त्या मुलीला दोन तासांनी येणार होतं, ते मला सकाळी दहा वाजता आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भोंग्याला घाबरणारी झाले. मंगळवारी धीट, बुधवारी भित्री, गुरुवारी त्यांच्या मधली कुठली तरी. घरी आल्यावर आप्पा विचारायचे, "आज काय केलंस?" मला सांगताच यायचं नाही. अर्धवट जेवून मी आडवी व्हायची.

सुट्टी संपली, काम संपलं नाही. शाळा सुरू झाली तरी आठवड्यातले तीन-चार दिवस मी सेटवरच असायची. पावसाळ्यात बाहेरची कामं थांबली आणि गणपती झाल्यावर पुन्हा सुरू झाली.

सायकलीचं काम मुलुंडला होतं. तिथले रस्ते तेव्हा रुंद आणि रिकामे होते, दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच एखादा बंगला. अडचण एवढीच होती की मला सायकल येत नव्हती. दिग्दर्शकांना वाटलं होतं, मुलींना येते. तेव्हा दिवे लावणारे एक वयस्क काका पुढे झाले. ते घाटकोपरहून स्वतःच्या सायकलीवर आले होते. त्यांनी कॅरिअर धरला आणि म्हणाले, "खाली बघायचं नाय. समोर त्या फाटकाकडं बघ. मी धरलंय."

दोन दिवस सगळं युनिट सावलीत बसून राहिलं आणि मी पडत राहिले. दोन्ही गुडघे सोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फाटकापर्यंत गेले, वळून बघितलं, तर काका मागे कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मी तशीच पुढे गेले. रस्ता संपेपर्यंत गेले आणि वळून परत आले. कॅमेरा चालू नव्हता. सगळे ओरडत होते, "थांब, आत्ता नको, थांब!" कारण तो आनंद त्यांना फिल्मवर हवा होता आणि मी तो फुकट घालवत होते. नंतर कॅमेऱ्यासमोर मी जे केलं ते ठीक होतं.

आई खोक्यावरून उठून उभी राहिली होती. संध्याकाळी माझ्या गुडघ्यांना हळद लावताना ती म्हणाली, "माका पण एकदा बसाक होया हुता." मी हसले. ती हसली नाही. मग मला कळलं, ती खरंच सांगत होती.

त्यानंतर माहूल. गोष्टीत समुद्र होता. माहूलला खाडी होती, पण दिग्दर्शकांच्या मते पडद्यावर ते कुणाला कळणार नव्हतं आणि तिथे बघ्यांची गर्दी होणार नव्हती. कोळ्यांची वस्ती, चिखलात कललेल्या होड्या, वाळत घातलेली सुकट. लांबवर तेलाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिकडचे लोखंडी सांगाडे दिसू नयेत म्हणून कॅमेरा सारखा हलवावा लागत होता. तिथेच ती समुद्राची दुपार झाली.

सहाव्या वेळेनंतर आमचा तांब्या रिकामा झाला. कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाच्या घरचं नाही, हे आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं. आईने ते मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. युनिटचं पिंप दुसऱ्या मोटारीतून येणार होतं आणि ती मोटार वाटेत कुठेतरी बंद पडली होती. मी जाळ्यांच्या सावलीत बसले. ओठांवरचा रंग सुकून तडकला होता.

समोरच्या घरातून एक कोळीण बाहेर आली. धिप्पाड, डोक्यात अबोलीची वेणी, हातात पितळी गडू. "पानी पी गो पोरी," ती म्हणाली. "कवापासून उनात उभी हाय तू."

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको. आमचं येतंय."

"कवा येतंय?" कोळणीने विचारलं. "पोरगी पडंल मग येतंय काय?"

कोळीण गडू तिथेच दगडावर ठेवून आत गेली. आता वाटतं, तिने ते मुद्दाम केलं असावं, आम्हाला तिच्यासमोर प्यायला लागू नये म्हणून. थोडा वेळ गेला. मग आईने गडू उचलला आणि माझ्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, मडक्यातलं. मी अर्धं प्यायले. उरलेलं आई प्यायली. वरून, गडूला तोंड न लावता, पण प्यायली. नंतर ती स्वतः उठून त्या घरापर्यंत गेली आणि रिकामा गडू देऊन आली. यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा हातात केळीच्या पानात बांधलेली सुकी करंदी, बारीक कोळंबी, होती.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"तिका पाच चेडवां आसत," आई म्हणाली. "सगळ्यांत मोठी तुझ्याएवढी."

मग मला सातव्यांदा समुद्र दिसला आणि दिग्दर्शक ओके म्हणाले. घरी त्या पाण्याविषयी आम्ही कुणी काही बोललो नाही. करंदी मात्र आप्पांनी आवडीने खाल्ली.

दिवाळीच्या आधी सगळं संपलं असं आम्हाला वाटलं. पण लॅबमध्ये काहीतरी बिघडून सुरुवातीच्या एका प्रसंगाची फिल्म खराब झाली होती. तो पुन्हा घ्यायचा होता. मुलगी मुंबईत आल्यावरची पहिली सकाळ. वडील कामावर जातात, भोंगा होतो, आणि ती खोलीच्या कोपऱ्यात अंग चोरून रडते. त्या उन्हाळ्यात, अगदी पहिल्या आठवड्यात, तो मी केला होता. तेव्हा दिव्यांची, माणसांची, कॅमेऱ्याची सगळ्याचीच मला भीती वाटत होती, त्यामुळे रडणं आपोआप आलं होतं.

आता ते येईना. मी कोपऱ्यात बसले, गुडघे पोटाशी घेतले, तोंड वाकडं केलं. दिव्यांमागे सायकलवाले काका मला दिसत होते. रंगवाले बाबा ओळखीचे झाले होते. तो कोपराही ओळखीचा झाला होता, त्याच्यामागचं लाकूड कुठे ठोकलंय ते मला माहीत होतं. डोळ्यांत ग्लिसरिन घातलं तर नुसतं पाणी आलं.

"तू हिला विसरलीस," दिग्दर्शक म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणाले. त्यांनाही सात महिने झाले होते. "ही अजून कुठे गेलेली नाही. हिने काही बघितलेलं नाही."

"पण मी बघितलंय," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. दिग्दर्शक हसले नाहीत. जेवणाची सुट्टी झाली. त्यानंतर मी पुन्हा कोपऱ्यात बसले तेव्हा आईचं खोकं रिकामं होतं. मी दिग्दर्शकांच्या मदतनिसाला विचारलं, "आई कुठाय?"

तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "घरी गेली. कंटाळली ती. म्हणाली, मला आता जमत नाही, तुमचं तुम्ही बघा."

खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. आई कंटाळलेली मी रोज बघत होते. तिच्या पायांवर आलेली सूज मी बघितली होती. तिने जावं, यात नवल काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला धरायला काही उरलं नाही. मी रडायला लागले. भोंगा झाला, तो मला ऐकूही आला नाही. शॉट एका फटक्यात ओके झाला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला थांबता येत नव्हतं.

आईला त्यांनी चहा प्यायला म्हणून कपडेपटात नेऊन बसवलं होतं. टाळ्या ऐकून ती आली. मला तसं बघून तिने मला जवळ घेतलं आणि काय झालं ते माझ्याकडून हुंदक्या-हुंदक्यांत काढून घेतलं. मग ती उठली आणि सरळ दिग्दर्शकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. सात महिन्यांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तुमी माझ्या चेडवाक खोटा सांगान रडयलात," ती म्हणाली.

दिग्दर्शक उभे राहिले. "बाई, काम झालं पाहिजे होतं. मुलं विसरतात हो."

"ती इसारतली," आई म्हणाली. मग शब्द शोधत, त्यांना कळेल अशा भाषेत म्हणाली, "मी नाही विसरणार. तुम्ही मास्तर होता ना?"

बाजूचा मदतनीस दिव्याची वायर गुंडाळल्यासारखं करत होता. आईने माझा हात धरला आणि तोंडावरचा रंग तसाच ठेवून आम्ही चालत घरी आलो. वाटेत लोक माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर ती बराच वेळ मोरीत पाय धूत बसली.

आणखी दोन दिवसांचं काम उरलं होतं. ते आम्ही जाऊन पुरं केलं. दिग्दर्शकांनी आईला नमस्कार केला, आईनेही केला. त्या दोन दिवसांत तिने वाल आणले नाहीत. ती नुसती बसून माझ्याकडे बघत राहिली.

चित्र पुढच्या वर्षी लागलं. शिंप्यांनी पास आणून दिले आणि आम्ही सगळे पाहायला गेलो. बाहेरच्या प्रसंगांत मी तोंड उघडलं आणि दुसऱ्याच मुलीचा आवाज आला. स्वच्छ, पुणेरी, प्रत्येक अक्षर घासून पुसून लावलेलं. बाहेरचा आवाज मागाहून भरतात, तेव्हा माझी बोली त्यांना अडचणीची वाटली असावी. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माहूलची सात वेळा धावलेली दुपार पडद्यावर पाणी पिण्याइतकाही वेळ टिकली नाही. पण ती मुलगी खरंच मोठी होत होती. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात तिची मान थोडी वर यायची, पाऊल थोडं सुटं पडायचं. मी ते कधी केलं मला आठवेना. वाटलं, हे मला कुणी करताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कोपऱ्यातलं रडणं आलं तेव्हा आजूबाजूला बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. आई उठली आणि बाहेर गेली. मध्यंतरात मी तिला शोधलं तर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती.

"पुढे छान आहे," मी म्हणाले. "सायकल येते आता."

"ती बघूक येतंय," ती म्हणाली आणि खरंच आली.

त्या वर्षी मी नापास झाले. माझ्या बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या आणि मी त्याच पुस्तकांशी पुन्हा बसले. शाळेत दोन महिने सगळ्यांनी मला सिनेमातल्या मुलीच्या नावाने हाका मारल्या, मग तेही संपलं.

पावसाळा संपता संपता दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. आप्पा कचेरीत होते. आई तांदूळ निवडत होती. त्याने सांगितलं की त्यांनाही तसंच काम हवंय, गावाकडची भित्री मुलगी, शहरात येते, हळूहळू खुलते. "तुमच्या मुलीचं रडणं फार नैसर्गिक आहे," तो म्हणाला. "साहेब कधी येतात?"

"संध्याकाळी. पण त्यांच्यासाठी थांबू नका. ती येणार नाही."

"वहिनी, नीट विचार करा. अशी संधी पुन्हा येत नाही."

"तिला शाळा आहे. आणि ती दमलीय."

"मुलं काय, दोन दिवसांत ताजी होतात."

"मीपण दमलेय," आई म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली.

तो गेला. मी आतल्या खोलीत अपूर्णांकांची गणितं करत सगळं ऐकत होते. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण मुलुंडच्या त्या रस्त्यासारखा दुसरा रस्ता मला आता कोण देणार होतं? पण उठून बाहेर जाऊन तसं सांगण्याएवढा जीव माझ्यात नव्हता. मी गणित तसंच ठेवून भिंतीला टेकले.

संध्याकाळी आईने आप्पांना सांगितलं. नकाराबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आपल्याला न विचारता दिला, ते त्यांना लागलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सोलकढीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. आई उठली, मिठाची बरणी आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि रोजच्यासारखी त्यांचं जेवण व्हायची वाट न बघता आपलं ताट घेऊन जेवायला बसली.